अण्णांच्या टाचेसाठी छापलेला सोल

अण्णा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर उभे असतात, पाळी बारा तासांची. घरी आले की आधी टाच दाबत बसतात. त्यांच्या कापडी बुटांत घालायला मी थ्रीडी प्रिंटरवर सोल काढले. मटेरियल एकच, टीपीयू ९५ए, म्हणजे रबरासारखं लवचीक प्लास्टिक (९५ए हे त्याच्या कडकपणाचं माप). पण आतली जाळी कुठे विरळ, कुठे दाट ठेवली की टाचेखाली मऊ आणि कमानीखाली कडक असा अखंड तुकडा निघतो.

टीपीयू म्हणजे आपली कडक भाकरी समजा, दमट हवेत उघडी राहिली की गेली. प्लास्टिकच्या तारेचं ओलं रीळ लावलं तर नोझलमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीत, तडतड होते आणि सोलाला केसासारखे धागे लोंबतात. ५० अंशांवर सात-आठ तास वाळवा, मग सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

माझं सेटिंग: नोझल २२५ अंश, बेड (ज्यावर तुकडा छापला जातो तो पाट) ४५ अंश, वेग सेकंदाला २५ मिमी, रिट्रॅक्शन (मध्येच तार मागे ओढणं) १ मिमीच्या आत. घाई केली की मऊ तार ती पुढे ढकलणाऱ्या गिअरपाशी वेटोळं घालून बसते. बेडवर आधी ग्लू स्टिक फिरवा. चिकटावं म्हणून नव्हे, नंतर सुटावं म्हणून! २२० मिमीच्या चौकोनी बेडवर २५ सेंमीचा सोल तिरकाच बसतो.

जाळी जायरॉइड, म्हणजे लाटांसारखी वळणं घेणारी, निवडा. नासातल्या अ‍ॅलन शोन यांनी १९७० मध्ये मांडलेला हा आकार सगळ्या बाजूंनी जवळपास सारखाच दबतो. स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाचेवर आणि कमानीवर वेगवेगळे मॉडिफायर टाका, म्हणजे तेवढ्या भागाला वेगळं सेटिंग लागतं. जाळीची दाटी टाचेला १२ टक्के, कमानीला २५, बाकी १५.

हे आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नका. मी आधी ३ सेंमीचे ठोकळे छापून अण्णांना दाबायला दिले होते. त्यांनी निवडलेला आकडा ६ मिमीच्या सोलात घातला, तर पाटासारखा कडक! पातळ तुकड्यात वरखालचे भरीव थरच जास्त भरतात. म्हणून ते थर दोन-दोनच ठेवा, आणि चाचणीची चकतीही ६ मिमी जाडीचीच काढून तिच्यावर टाच ठेवून उभं राहून बघा.

मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर हा घरगुती उद्योग नको, डॉक्टरांकडेच जा.

आणि डाव्या पायासाठी मॉडेल मिरर करा. मी दोन रात्री घालवून दोन्ही उजवेच काढले होते. अण्णांनी ते पायाशी धरून पाहिले आणि चहा मागितला.