बॅज मिळाला, आता पुढे? परराष्ट्र बीटवर, म्हणजे परराष्ट्र घडामोडींच्या वार्तांकनावर, नव्याने येणाऱ्यांसाठी

शिखर परिषदेला पहिल्यांदा निघालेला पत्रकार हमखास विचारतो, "आत सोडतात का?" सोडतात, म्हणजे मीडिया सेंटरमध्ये सोडतात. नेते बोलतात ती खोली बऱ्याचदा वेगळ्याच इमारतीत असते. गळ्यात बॅज घातलेली सगळी मंडळी मोठ्या पडद्यावर जे पाहत बसतात, ते घरी बसलेल्यालाही दिसत असतं. नव्या सहकाऱ्यांना मी हे निघण्यापूर्वीच सांगते, म्हणजे तिथे पोचल्यावर हिरमोड होत नाही.

जागतिक मानवी हक्क जाहीरनाम्याचं कलम १९ माहिती मिळवण्याचं आणि पोचवण्याचं स्वातंत्र्य मानतं, पण वाटाघाटीच्या खोलीचं दार काही उघडून देत नाही. हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९१८ मध्ये शांततेसाठी जे चौदा मुद्दे मांडले, त्यातला पहिलाच होता करार उघडपणे करण्याचा. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शांतता परिषदेत खरी घासाघीस बंद खोल्यांत झाली, आणि पत्रकारांनी आरडाओरडा केल्यावर त्यांच्या वाट्याला आली ती फक्त खुली अधिवेशनं.

पहिली गाळणी अधिस्वीकृतीची, म्हणजे वार्तांकनाच्या अधिकृत परवानगीची; बॅज मिळतो तो तिच्यावरच. संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताना संपादकाचं पत्र, प्रसिद्ध झालेलं काम आणि ओळखीचा पुरावा लागतो. फ्रीलान्सरलाही कुठल्यातरी माध्यमाने काम सोपवल्याचं पत्र दाखवावं लागतं. पासपोर्ट कुठला, यावरही गाडं अडतं. तैवान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य नाही; जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य सभेसाठी (जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक बैठक) तिथल्या पत्रकारांना वर्षानुवर्षं प्रवेश नाकारला गेला तो यामुळेच. त्यांच्या पत्रकारितेबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

अधिस्वीकृती आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवी मंडळी हमखास विसरतात. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळेलच असं नाही. न्यूयॉर्कपुरती सोय बरी आहे: १९४७ च्या मुख्यालय कराराच्या अकराव्या कलमाप्रमाणे संयुक्त राष्ट्रांनी अधिस्वीकृती दिलेल्या पत्रकारांच्या येण्याजाण्यात अमेरिकेने आडकाठी आणायची नाही. बाकी ठिकाणी यजमानाची मर्जी. नाउरू या चिमुकल्या बेट-देशाने २०१८ मध्ये पॅसिफिक आयलंड्स फोरम या प्रशांत महासागरातल्या देशांच्या परिषदेच्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेला दारातच अडवलं, कारण दिलं पक्षपाती वार्तांकनाचं. म्हणून यजमान देश पाहून अर्ज शक्य तितका लवकर करा. नकार आला तर कारण लेखी मागा आणि तिथल्या वार्ताहर संघटनेला कळवा. कारण बहुधा मिळणार नाही, पण ते मागितल्याची नोंद राहते आणि पुढच्या माणसाच्या कामी येते.

आता प्रेस पूल, म्हणजे सगळ्यांच्या वतीने आत जाणारा पत्रकारांचा छोटा गट. खोली लहान, पत्रकार फार, म्हणून मोजके लोक आत जातात आणि जे पाहिलं ते सगळ्यांना कळवतात. व्यवस्था चांगली, पण ती टिकते दोन्ही बाजूंनी पाळली तरच. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० च्या आदल्या दिवशी दिल्लीत मोदी-बायडेन भेट झाली. अमेरिकी अध्यक्षांसोबत आलेला पूल पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत गेला आणि गाडीतच बसून राहिला. व्हाइट हाउसचं स्पष्टीकरण असं की भेट घरी होती, त्यामुळे नियमही घरच्यांचे. दोन दिवसांनी व्हिएतनामची राजधानी हनोईत पत्रकारांसमोर बायडेन स्वतःच म्हणाले की मानवी हक्क आणि स्वतंत्र माध्यमांचा विषय आपण मोदींकडे काढला होता. दिल्लीत न मिळालेली ओळ हनोईत मिळाली! तेव्हा बैठक संपली की विषय बंद करू नका, नेत्याचा पुढचा मुक्काम कुठे आहे ते पाहा.

त्याच हनोईत २०१९ मध्ये ट्रम्प आणि उत्तर कोरियाचे नेते किम यांच्या भेटीत उलटा प्रकार घडला. फोटोच्या वेळी ट्रम्प यांना ओरडून प्रश्न विचारले गेले म्हणून एपी, रॉयटर्स, ब्लूमबर्ग आणि लॉस एंजेलिस टाइम्स यांच्या वार्ताहरांना रात्रीच्या भोजनाच्या वेळी बाहेर ठेवलं. मग छायाचित्रकार अडून बसले, लिहिणारं कुणीच नसेल तर आम्हीही येत नाही म्हणाले, तेव्हा एका वार्ताहराला आत घेतलं. माझ्या मते या बीटवरचा खरा धडा हाच आहे. बॅज जाईल या भीतीने प्रश्न गिळायला लागलात की बॅज असून नसल्यासारखाच. आणि एकट्याने अडून बसण्यात फार दम नसतो. शेजारच्या खुर्चीवरचा प्रतिस्पर्धी त्या क्षणी तुमचा सगळ्यात कामाचा माणूस असतो.

कधीकधी कॅमेरेच नेत्यांना हवे असतात, तेही ओळखायला शिका. मार्च २०२१ मध्ये अलास्कातल्या अँकरेजला अमेरिका-चीन चर्चेत सुरुवातीचं बोलणं दोन-दोन मिनिटांचं ठरलं होतं. चिनी प्रतिनिधी लांबलचक बोलले, पत्रकारांना बाहेर काढायला सुरुवात झाली, तेवढ्यात अमेरिकी परराष्ट्रमंत्री ब्लिंकन यांनी त्यांना थांबवून घेतलं. तासाभराहून अधिक वेळ ती जुगलबंदी कॅमेऱ्यांसमोर चालली. ते बोलणं समोरच्यापेक्षा आपापल्या देशातल्या प्रेक्षकांसाठीच जास्त होतं.

खोलीत जाता आलं नाही तर काय करायचं? कागद वाचायचे. जी-२० चा नोव्हेंबर २०२२ चा बाली जाहीरनामा म्हणतो की बहुतेक सदस्यांनी युक्रेनमधल्या युद्धाचा तीव्र निषेध केला. सप्टेंबर २०२३ च्या दिल्ली जाहीरनाम्यात तो निषेध नाही. बळाने भूभाग घेऊ नये असं सर्वच देशांना उद्देशून सांगितलंय, रशियाचं नाव न घेता. त्या परिषदेची मोठी बातमी या दोन परिच्छेदांच्या मधे होती, आणि ती वाचायला बॅज लागत नव्हता. द्विपक्षीय भेटीतही असंच करा. दोन्ही देशांची निवेदनं शेजारी ठेवा. एकाने जो विषय लिहिला तो दुसऱ्याने गाळला असेल तर तिथून प्रश्न विचारायला लागा. "मोकळेपणाने चर्चा झाली" असं वाचलं की भांडण झालं असावं असं धरून चौकशी करा.

अधिकाऱ्यांशी बोलताना अटी आधी ठरवा. ऑफ द रेकॉर्ड म्हणजे छापायचंच नाही. बॅकग्राउंड म्हणजे छापा, पण नाव नको. चॅटम हाउस नियमाखाली (लंडनच्या एका अभ्याससंस्थेवरून पडलेलं नाव) माहिती वापरता येते, बोलणारा कोण आणि कुठला हे सांगता येत नाही. बोलून झाल्यावर कुणी "हे ऑफ द रेकॉर्ड हं" म्हणालं तर ते मान्य करायला तुम्ही बांधील नाही. पण भांडू नका, तिथेच शांतपणे सांगा.

आणि बातमीत एक ओळ प्रवेशाबद्दल असू द्या: पत्रकार परिषद झाली की नाही, किती प्रश्न घेतले, ते कोणी निवडले, कोणाला बाहेर ठेवलं. डेस्क, म्हणजे बातमी संपादित करणारी मंडळी, ही ओळ कापायला टपलेलं असतं. ती पाचव्या परिच्छेदापर्यंत तरी वाचवा. शेवटच्या परिच्छेदात ठेवलीत तर गेलीच म्हणून समजा.

पहिली अधिस्वीकृती मिळेपर्यंत सरावासाठी न्यूयॉर्कमधलं संयुक्त राष्ट्रांच्या प्रवक्त्यांचं दुपारचं ब्रीफिंग पाहत जा. ते संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीवर फुकट दिसतं. सुरक्षा परिषदेच्या दाराबाहेर लावलेल्या माइकपाशी राजदूत येऊन बोलतात, तेही पाहा. प्रवक्त्याने उत्तर टाळलं की पुढचा वार्ताहर तोच प्रश्न कसा वळवून विचारतो, ते वहीत उतरवून ठेवा.