टेपर बेअरिंग: नट आधी आवळा, मग सोडा

जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या फिरत्या भागात) बहुधा दोन टेपर रोलर बेअरिंगं, म्हणजे तिरप्या रोलरची बेअरिंगं असतात: आतलं मोठं, बाहेरचं लहान. हल्लीच्या सीलबंद हबना यातलं काही लागू नाही. ही बेअरिंगं बदलायची अशी.

आधी खात्री करा. चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ (चाकाचं ढिलं हलणं) थांबला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (चाक वळतं ते सांधे) बघा.

दोन्ही बेअरिंगं कपासकट (कप म्हणजे हबमध्ये ठोकून बसवलेलं कडं, ज्यावर रोलर फिरतात), ऑइल सील, स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी पिन) आणि हाय टेम्परेचर ग्रीस आणा. जुन्या कपात नवं बेअरिंग बसवू नका. घासलेल्या कपावर नवे रोलर लवकर खराब होतात. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) तारेनं टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका.

हब काढला की जुने कप पितळी पंचानं समोरासमोर आळीपाळीनं ठोकून काढा. स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) निळसर पडलेला किंवा खरवडलेला दिसला तर नव्या बेअरिंगवर पैसे घालण्यात अर्थ नाही. हब रॉकेलनं धुऊन पूर्ण वाळवा. नवे कप तासभर फ्रीजरमध्ये ठेवले तर सोपे बसतात. दोन्ही कपांचं रुंद तोंड हबच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे आपापल्या टोकाकडे. तळाला टेकले की ठोक्याचा आवाज टणक होतो. अर्धवट बसलेला कप पुढे सरकतो आणि चाक पुन्हा ढिलं होतं.

ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूनं रोलरांमधून बाहेर येईपर्यंत. हबची पोकळी मात्र ठासून भरू नका. तापल्यावर ग्रीस सीलमधून ब्रेकवर येतं. सीलचं ओठ बेअरिंगकडे.

बहुतेक बेअरिंगं इथे मरतात: स्पिंडलच्या टोकाचा नट कचकचून आवळल्यानं. चाक हातानं फिरवत नट 25-30 न्यूटन मीटरपर्यंत आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग पाव फेरा सोडा आणि नुसत्या बोटांनी टेकवा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट सोडून जुळवा, आवळून नव्हे. डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या मापकावर) 0.03 ते 0.12 मिलिमीटर खेळ हवा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. स्प्लिट पिन नवीच घाला.

15-20 किलोमीटर चालवून हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट घट्ट आहे, किंवा ब्रेक धरतोय. 500 किलोमीटरनंतर खेळ पुन्हा तपासा.