थ्री-डोअर की फाइव्ह-डोअर? बुकिंगची रक्कम भरण्याआधी या चुका टाळा

दसरा जवळ आला की मला फोन सुरू होतात. ‘थार घ्यायची ठरलीय, छोटी घेऊ की रॉक्स?’ ‘गुरखा बघून आलो, तीन दारांची बरी की पाच?’ थार महिंद्राची जीपसारखी गाडी, रॉक्स म्हणजे तिचीच पाच दारांची लांब बहीण, आणि गुरखा फोर्सची. दारं मोजताना मागचं डिकीचं दारही धरतात. मी चार वर्षं आखूड, म्हणजे तीन दारांची गाडी चालवली, आता लांब, पाच दारांची चालवतो. दोन्हींनी मला सह्याद्री दाखवला, त्यामुळे या फोनवर मी तासभर सहज बोलतो. तेच बोलणं इथे लिहून ठेवतोय, कारण त्याच त्या चुकांपायी लोकांचे लाखो रुपये अडकताना बघवत नाही.

बाहेरची लांबी बघणं आणि चाकांमधलं अंतर न बघणं

पहिली चूक माहितीपत्रकातच होते. लोक ‘लांबी’ वाचतात आणि त्याखालची ओळ सोडतात. तीन दारांची थार आणि मारुतीची जिम्नी या दोघींची लांबी सारखीच आहे, ३९८५ मिलिमीटर. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, थारचा २४५० आणि जिम्नीचा २५९०. जिम्नी आपल्याकडे पाच दारांचीच मिळते. रॉक्सचा व्हीलबेस थेट २८५०. गुरखाचं गणितही असंच आहे: तीन दारांची २४००, पाच दारांची २८२५.

दगडधोंड्यांत सगळा खेळ या आकड्याचा. शेताचा उंच बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडे असतात आणि बांधाचा माथा बरोबर पोटाखाली येतो. चाकांमध्ये अंतर जितकं जास्त, तितकं पोट टेकायची भीती जास्त. पोट न टेकता किती टोकदार माथा ओलांडता येईल, हे पोटाखालचा कोन सांगतो. छोट्या थारचा हा कोन सुमारे २६ अंश, रॉक्सचा सुमारे २४. कागदावर दोन अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. वेल्ह्याच्या पुढे एका पावसाळ्यात वाहून गेलेल्या मोरीवर आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो होतो. आखूड गाडी खरवडून का होईना, निघाली. मागची लांब गाडी पोटावर बसली आणि चारही चाकं सैल फिरायला लागली. तिला काढायला दीड तास लागला.

गंमत अशी की पुढचा बंपर न टेकता किती उभ्या चढाला भिडता येईल, तो पुढच्या बाजूचा कोन दोघींचा जवळपास सारखा, ४१ अंशांच्या आसपास. म्हणजे चढायला दोघीही चढतात. फरक पडतो तो माथा ओलांडताना. पाण्यातही लांबीचा संबंध नाही. किती खोल पाण्यातून जाता येईल याचा कंपनीचा आकडा दोन्ही थारना ६५० मिलिमीटर, दोन्ही गुरखांना ७००. मुळशीतल्या ओढ्याला लोंढा आला असेल तर हे आकडे विसरा आणि काठावरून परत फिरा.

मागच्या सीटवर कोण बसणार, हे शोरूममध्ये न तपासणं

माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक हीच. गाडी घेतली तेव्हा मी पुढच्या सीटवर बसून खूश होतो. आई अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे दुखणारे. तीन दारांच्या गाडीत मागे जायचं म्हणजे पुढची सीट झुकवून, सरकवून, एक पाय उंच टाकून वाकून शिरायचं. पहिल्या दिवशी ती कौतुकाने चढली. दुसऱ्यांदा नारायणपूरला निघालो तेव्हा म्हणाली, ‘तुम्ही जाऊन या रे, मी घरी बरी.’ तिने तक्रार केली नाही, म्हणून मला कळायला वर्ष गेलं. त्या वर्षात ती आमच्याबरोबर कुठेच आली नाही.

म्हणून माझा आग्रह आहे: घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती आणि सर्वांत लहान मूल, दोघांनाही शोरूममध्ये न्या. आजींना तीन वेळा चढवा-उतरवा. एकदा नाही, तीन वेळा, कारण पहिल्यांदा माणूस संकोचाने हसून घेतो. लहान मुलाची सीट मागे बांधून बघा, वाकून पट्टा लावून बघा. आणि मागे स्वतः वीस मिनिटं बसा. बरं, छोटी थार आणि जिम्नी या दोन्ही चौघांच्याच गाड्या आहेत. आई-बाबा, तुम्ही दोघं आणि एक मूल असं घर असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

‘पेठेत राहतो, म्हणून छोटी’

हे मला फार वेळा ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. सदाशिव पेठेतल्या बोळात गाडी जाईल की नाही हे रुंदी ठरवते, लांबी नाही. दोन्ही गुरखांची रुंदी तर एकच आहे. लांबीचा त्रास होतो तो बोळातून काटकोनात वळताना आणि एका दमात यू-टर्न घेताना. तिथे आखूड गाडी खरंच सुख देते.

पार्किंगचं मात्र वेगळं आहे आणि इथे लोक हमखास फसतात. तीन दारांच्या गाडीची दारं लांब असतात. दोन खांबांच्या मध्ये, शेजारच्या गाडीला चिकटून लावली की दार जेमतेम अर्धं उघडतं आणि पोटाचा घेर असलेल्या माणसाला बाहेर पडता येत नाही. पाच दारांच्या गाडीचं पुढचं दार आखूड, ते कमी जागेत उघडतं. शिवाय या सगळ्या गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर असते आणि ते दार बाजूला उघडतं. भिंतीला पाठ लावून गाडी उभी केली की डिकी बंदच. सोसायटीत वर-खाली होणारं यांत्रिक पार्किंग असेल तर पाटीवरची उंची आणि वजन दोन्ही वाचा. गुरखा दोन मीटरपेक्षा उंच आहे, रॉक्स १९२३ मिलिमीटर. टपावर कॅरिअर लावलं की तळघराच्या तुळईचा हिशोब पुन्हा करावा लागतो. टेप घेऊन मोजा. सेक्रेटरींच्या ‘बसेल हो’ वर जाऊ नका.

टेस्ट ड्राइव्ह बाणेर रोडवरच संपवणं

गुळगुळीत रस्त्यावर दोन्ही गाड्या छान वाटतात. आखूड गाडीची पुढची चाकं खड्ड्यातून निघतात न निघतात तोच मागची त्यात पडतात, त्यामुळे ती पुढे-मागे डुलते. पुणे-सातारा रस्त्यावरच्या उड्डाणपुलांच्या सांध्यांवर हे पाच मिनिटांत कळतं. शक्य असेल तर खानापूरकडून पाबे घाट चढून वेल्ह्याच्या बाजूला उतरून या. एकाच रस्त्यावर वळणं, चढ आणि उखडलेला डांबर तिन्ही मिळतात. मागे माणसं बसलेली असू द्या; रिकामी गाडी खोटं बोलते.

ओल्या चिखलात उतरताना आखूड गाडीचं शेपूट चटकन सुटतं आणि ती फिरते. लांब गाडी घसरली तरी सावरायला क्षणभर वेळ देते. नवख्या माणसाला मी लांब गाडी सुचवतो त्यामागे हेही एक कारण आहे.

आखूड म्हणजे स्वस्त, असं धरून चालणं

चार मीटरच्या आतली गाडी म्हणजे कर कमी, ही समजूत घट्ट बसली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी मिळायला लांबी चार मीटरच्या आत हवीच, शिवाय पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत हवं. नाहीतर ४० टक्के. छोट्या थारचं दीड लिटरचं डिझेल या अटीत बसतं, पण ते फक्त मागच्या चाकांवर चालतं. फोर बाय फोरसाठी, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद हवी तर, दोन लिटरचं पेट्रोल किंवा २.२ लिटरचं डिझेल घ्यावं लागतं आणि ती दोन्ही ४० टक्क्यांत जातात. जिम्नी आणि छोटी गुरखाही तिथेच. रॉक्समध्ये फोर बाय फोर हवं तर डिझेलच घ्यावं लागतं. तीन दारं की पाच यावर महिनाभर वाद घालून शेवटी टू-व्हील ड्राइव्ह घेणारे मी पाहिलेत. त्यांना भटकंतीसाठी लांबीच्या वादापेक्षा हा निर्णय जास्त नडला.

एका लडाखसाठी अख्खं वर्ष पणाला लावणं

कागद घ्या आणि गेल्या बारा महिन्यांतले गाडीचे दिवस लिहा. ऑफिस किती, गावी किती, ताम्हिणीमार्गे कोकणात किती, खरोखर दगडात किती. माझ्या कागदावर दगडातले दिवस अकरा निघाले, घरच्यांबरोबरचे सत्तरच्या वर. त्या कागदाने मला पाच दारांकडे नेलं. माझा एक मित्र एकटा राहतो, दर शनिवारी मावळात जातो. त्याच्या कागदाने त्याला तीन दारांवर ठेवलं आणि तो बरोबर आहे. दोघं जण लेहला जाणार असतील तर आखूड गाडीची मागची सीट पाडून सामान मजेत मावतं. चौघं असतील तर सामान टपावर चढतं, गाडीचा तोल वर जातो आणि वळणावर ते जाणवतं.

घेऊन झाली असेल तर

आखूड गाडी फार आपटत असेल तर आधी टायरमधली हवा बघा. पेट्रोल पंपावर हवा भरणारे पोरगे सवयीने जास्त भरतात. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरला ठेवा. निम्मी तक्रार तिथेच जाते. जड सामान मागच्या चाकांच्या मागे न ठेवता सीटला टेकवून, खाली आणि बांधून ठेवा. टपावर फक्त हलकं: तंबू, गाद्या.

गाडी उंच करून घेण्याआधी थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात तो आडवा येऊ शकतो. लांब गाडीच्या पोटाची काळजी वाटत असेल तर त्याऐवजी खालून जाड संरक्षक पत्रा चांगला बसवून घ्या आणि अडचणीच्या जागी एका माणसाला खाली उतरवून हातवारे करायला लावा. घाटातल्या अरुंद वळणावर दोनदा पुढे-मागे करायला लाजू नका. रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये आतलं मागचं चाक अडवून वळण छोटं करायची सोय आहे. ती सैल मातीसाठी आहे, डांबरावर वापरू नका.

आणि पोटावर बसलीच, तर ॲक्सिलरेटर सोडा. चाकं फिरवत राहिलात तर ती खड्डा खोदतात आणि पोट आणखी घट्ट बसतं. खाली उतरा, कुठे टेकलंय ते वाकून बघा. जॅकखाली लाकडाची फळी ठेवून एकेक चाक उचला, त्याखाली चपटे दगड भरा, पोटाखालची माती फावड्याने ओढून काढा. दोर लावायचा तर टोइंगच्या हुकालाच, बंपरला कधीही नाही, आणि दोराच्या रेषेतून सगळ्यांना लांब उभं करा. ओढायचं ते मागे, ज्या वाटेने आलात त्या वाटेने. ती वाट गाडीने एकदा पार केलेली असते.