बिग ब्लूस्टेम ओळखताना या चुका टाळा

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये राहणाऱ्या आणि शनिवार-रविवारी प्रेअरीत, म्हणजे तिथल्या गवताळ माळरानात, भटकणाऱ्यांसाठी हे. बिग ब्लूस्टेम हे तिथलं मुख्य बहुवर्षायू गवत, इलिनॉय आणि मिझुरीचं राज्यगवत. तरी ओळखताना घोळ होतो.

पहिला घोळ वेळेचा. एप्रिलात हिरवंगार रान दिसलं की लोक फोटो काढून मोकळे होतात. ते बहुधा स्मूथ ब्रोम, बाहेरून आणलेलं गवत. त्याच्या पात्यावर मधोमध डब्ल्यू अक्षरासारखी चुणी असते. बिग ब्लूस्टेमला ऊन लागतं. ते उशिरा वाढीला लागतं आणि तुरा काढतं जुलै ते सप्टेंबरात. तुऱ्याला बहुतेकदा तीन फाटे, म्हणून तिकडे त्याला टर्कीफूट, म्हणजे टर्की पक्ष्याचा पाय, म्हणतात.

पण तुऱ्यावरच विसंबणं ही खरी चूक. गुरांना हे गवत फार आवडतं. चरलेल्या रानात तुरा राहतच नाही, कोरड्या वर्षी तर येतोच कमी. अशा वेळी पातं खोडापासून हलकेच मागे ओढा आणि सांध्याच्या आत बघा. दोन टोकं वर आलेला, मध्ये खाच असलेला ताठ पापुद्रा दिसला तर ते इंडियनग्रास. दाट लव असेल तर स्विचग्रास. बिग ब्लूस्टेमचा पापुद्रा आखूड असतो, त्यात बघण्यासारखं फारसं नसतं.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. शरद ऋतूत लिटल ब्लूस्टेमही तांबूस होतं. ते मात्र कमरेच्या आसपासच थांबतं, बुंध्याशी चपटं असतं.

जागाही बघा. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये उथळ, खडकाळ माथ्यावर लिटल ब्लूस्टेम जास्त. खाली खोल, ओलसर मातीत बिग ब्लूस्टेम सहा-सात फूट चढतं. रस्त्याकडेच्या चरातलं उंच गवत मात्र जॉन्सनग्रास असू शकतं. ते जोंधळ्याच्याच कुळातलं, पात्याची मधली शीर तशीच जाड, पांढरी. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही.

दक्षिण टेक्सासात बोटांसारखा तुरा दिसला तर आधी पेरं तपासा. पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असेल तर तो चक्क आपला मारवेल! चाऱ्यासाठी नेला होता, आता तिथल्या मूळ गवतांना हटवतोय.