टॉल्किन यांच्या आयुष्यावर अर्ध्या तासाचे व्याख्यान कसे तयार करावे

करवीर नगर वाचन मंदिरात किंवा आपल्या पेठेतल्या वाचक मंडळात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांच्या आयुष्यावर बोलायचे असेल, तर सुरुवात त्या कादंबरीवरील चित्रपटांपासून करू नये. त्यांच्या आईपासून करावी. टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी, आज दक्षिण आफ्रिकेत असलेल्या ब्लूमफाँटेन येथे झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. इंग्लंडमध्ये आई मेबल यांनीच त्यांना लॅटिनची गोडी लावली. १९०० मध्ये मेबल यांनी कॅथलिक पंथ स्वीकारल्यामुळे नातलगांनी मदतीचा हात आखडता घेतला आणि १९०४ मध्ये, इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात, मधुमेहाने त्यांचे निधन झाले. येथे घाई करू नये, कारण बारा वर्षांच्या त्या पोरक्या मुलाची श्रद्धा आणि भाषाप्रेम ही दोन्ही आईकडूनच आलेली आहेत.

भाषेला सर्वाधिक वेळ द्यावा. ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना फिनिश भाषेचे व्याकरण हाती लागल्यावर ते भारावून गेले, आणि त्या नादमाधुर्यातून त्यांची ‘क्वेन्या’ ही स्वनिर्मित भाषा आकाराला आली. आधी भाषा आणि मग ती बोलणारे लोक व त्यांचा इतिहास, असा त्यांचा क्रम होता. गगनबावड्याचा घाट उतरताच बोली बदलते हे कोल्हापूरकर श्रोत्यांना ठाऊकच असते, म्हणून हा मुद्दा त्याच अनुभवाच्या आधारे समजावून द्यावा.

पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या सोमच्या लढाईबद्दल बोलताना संयम ठेवावा. टॉल्किन तेथे संदेशवहन अधिकारी होते, खंदकज्वरामुळे त्यांना मायदेशी परतावे लागले आणि शाळेपासूनचे दोन जिवलग मित्र त्याच वर्षी मारले गेले, एवढे निश्चित सांगता येते. मात्र ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील प्रत्येक अंधारी जागा म्हणजे रणभूमीच, असे ठोकून देऊ नये. रूपककथा आपल्याला मुळीच आवडत नाही, असे त्यांनी स्वतः त्या कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे.

प्राध्यापकीचा काळ थोडक्यात आटोपावा, पण उत्तरपत्रिका तपासताना एका कोऱ्या पानावर त्यांनी ‘हॉबिट’चे पहिले वाक्य लिहिल्याची हकिकत अवश्य सांगावी. ते पुस्तक १९३७ मध्ये आले, तर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड १९५४-५५ मध्ये. हे सनावळीचे टिपण समोर ठेवावे आणि शेवटची दहा मिनिटे श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी राखावीत. चित्रपटांचा विषय तेव्हा आपोआप निघतो.