गेमसाठी सरकारी कला-ग्रँट मागताय? बाकी सगळं नंतर, आधी तारखा बघा

गेम म्हणजे कला आहे का, हे अर्जात पटवत बसू नका, दोन पानं वाया जातात आणि तो वाद कधीच मागे पडलाय. अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या सरकारी संस्थेने २०११ मध्येच डिजिटल गेम्सना मीडियाच्या ग्रँटमध्ये जागा दिली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन लेखक थोरोच्या तळ्याकाठच्या आयुष्यावरच्या एका गेमला ४० हजार डॉलर दिले. बरं, तिथे फक्त असलंच गंभीर काहीतरी चालतं असंही नाही. गावभर लोकांना छळत फिरणाऱ्या हंसाचा 'अनटायटल्ड गूस गेम' २०१९ मध्ये आला, त्याच्या मागे फिल्म व्हिक्टोरिया होती, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका राज्याचा सरकारी पैसा.

तर दार उघडं आहे. पण दारं वेगवेगळी आहेत आणि नवीन लोक एकच अर्ज सगळीकडे चिकटवतात. कला परिषद विचारते की हे काम का व्हावं, कोणापर्यंत पोचेल, ज्याला नीट ऐकू येत नाही किंवा कंट्रोलर धरता येत नाही त्याचं काय. उद्योगाच्या अंगाने चालणारा फंड विचारतो की विकणार कसं, टीमने आधी काय रिलीज केलंय, यातून पुढे पैसा उभा राहील का. एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलंत की गेलात. काही ठिकाणी तर 'सहाय्य' म्हणजे ग्रँट नसतेच, जर्मनीतल्या काही राज्यांच्या फंडांत ते कर्ज असतं, गेम चालला तर परत करायचं. आणि जवळपास सगळीकडे त्या देशातला रहिवासी किंवा तिथे नोंदवलेली कंपनी लागते. अमेरिकेतल्या त्या संस्थेकडे तर एकट्या डेव्हलपरला गेमसाठी अर्जच करता येत नाही, ना-नफा संस्था लागते आणि वर जेवढी ग्रँट तेवढीच रक्कम दुसरीकडून उभी करायची अट. त्यामुळे पात्रतेचं पान आधी वाचा, स्वप्नं नंतर रंगवा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. तारीख.

बहुतेक सार्वजनिक ग्रँट होऊन गेलेल्या खर्चाला पैसे देत नाहीत. हे वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं, मीही वाचलं होतं. पण 'होऊन गेलेला' म्हणजे कधीच्या आधीचा? अर्ज टाकल्याच्या आधीचा? निकालाच्या? कराराच्या? प्रत्येक फंडाचं उत्तर वेगळं, आणि अर्ज ते निकाल यात महिने जातात, त्या महिन्यांत तुम्ही हातावर हात ठेवून थोडेच बसणार? संगीतकार मोकळा आहे, आत्ता अॅडव्हान्स दिला नाही तर दुसरं काम घेईल, म्हणून तुम्ही देता. मी दिला. ग्रँट मंजूर झाली, आम्ही नाचलो, आणि शेवटी हिशोब देताना तो अख्खा खर्च बाद, कारण इनव्हॉइस करार सुरू व्हायच्या आधीचं होतं. नुसता अॅडव्हान्स नाही, अख्खा, कारण त्याच्याशी केलेला करारच आधीच्या तारखेचा निघाला. आणि बाद झालेला खर्च स्वतःच्या खिशातून घातला म्हणून तो आपण घालायच्या वाट्यात धरा म्हणाल तर तेही नाही, कारण वाटासुद्धा ग्रँटच्या मुदतीतच खर्च झालेला लागतो.

म्हणून बजेटच्या प्रत्येक ओळीपुढे तीन तारखा लिहा: ऑर्डर किंवा करार कधी, बिल कधीचं, पैसे खात्यातून कधी गेले. तिन्ही मुदतीच्या आत हव्यात असं धरूनच चाला. गेम इंजिनचं, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनतो त्याचं, वर्षभराचं लायसन्स आधीच भरलंय? ती ओळ काढा. निकालाची वाट बघताना कोणाला शब्द द्यायचाच असेल तर नुसतं कोटेशन घ्या, सही नको, अॅडव्हान्स तर नकोच. किंवा सरळ कामाचे दोन टप्पे करा, प्रोटोटाइप तुमच्या खर्चाने झालेला आणि त्याच्या पुढचं ते ग्रँटचं, आणि अर्जात ही रेघ इतकी स्पष्ट ओढा की आंधळ्यालाही दिसेल. प्रोटोटाइप दाखवला म्हणजे 'काम सुरू झालंय' असं धरतील का, ही भीती मला खूप जण विचारतात. रेघ स्पष्ट असेल तर सहसा नाही धरत, उलट चालता प्रोटोटाइप नसलेला अर्ज फिकाच पडतो. पण हे माझ्या शब्दावर सोडू नका, फंडाच्या माणसाला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. फोनवर 'हो चालेल' म्हणालेलं ऑडिटमध्ये कोणी ऐकत नाही.

पैसे हप्त्यांत येतात हेही त्यातच आलं. शेवटचा हप्ता बहुतेक वेळा अंतिम अहवालानंतर, म्हणजे गेमच्या शेवटच्या महिन्यांचा पगार तुम्हाला आधी उभा करायचाय. घाबरू नका, हे जमतं, फक्त कागदावर आधी मांडा.

पगारावरून आठवलं, स्वतःचा मेहनताना शून्य लिहू नका. त्याग बघून पॅनल विरघळत नाही, त्यांना वाटतं हा माणूस मध्येच नोकरी धरेल आणि गेम अर्धा राहील.

पॅनलवर बरेचदा नाटकवाले, चित्रकार, फिल्मवाले असतात, गेम खेळणारा एखादाच. पहिल्या ओळीत 'रोगलाइक डेकबिल्डर' असं गेमच्या प्रकाराचं नाव लिहिलंत की बाकीचे तिथेच सुटले. खेळणारा हाताने काय करतो आणि त्याला त्यातून काय वाटतं, हे साध्या क्रियापदांत लिहा. व्हिडिओत खरा गेमप्ले दाखवा, धूर आणि लोगोवाला ट्रेलर नको. अर्ज एआयकडून लिहून घेणाऱ्यांना एवढंच सांगते की मग तुमचा अर्ज शेजारच्या अर्जासारखाच वाचला जातो, पुढे तुमची मर्जी.

मंजूर रकमेतून टक्केवारी घेणारे सल्लागार मला अजिबात पटत नाहीत, ते रक्कम फुगवतात आणि हिशोबाच्या वेळी फोन उचलत नाहीत. नावाजलेल्या डेव्हलपरला आपला मेंटॉर म्हणून धरायची हौसही आवरा, त्याने बहुधा पब्लिशरच्या पैशावर गेम केलेला असतो. मला सगळ्यात जास्त कामाला आली ती नाटकांची निर्मिती सांभाळणारी एक बाई, जिने आयुष्यात गेम खेळला नाही पण माझं बजेट लाल पेनने भरून टाकलं.

नकार आला तर फीडबॅक मागा. पुष्कळ ठिकाणी सुधारून पुन्हा टाकता येतं आणि दुसऱ्या वेळचा अर्ज खरंच बरा होतो. पण 'पुढच्या राउंडला मिळेलच' या भरवशावर नोकरी सोडू नका. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये गेम्ससाठी २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा केंद्रीय फंड जाहीर केला आणि २०१४ च्या बजेटमध्ये मुदतीआधीच बंद करून टाकला, त्या वर्षी अर्ज तयार करून बसलेल्यांनी काय करायचं?

आणि मंजुरी आलीच तर त्याच दिवशी दोन कामं करा. ग्रँटवर टॅक्स लागतो का ते अकाउंटंटला विचारा, कारण काही ठिकाणी ती उत्पन्नातच धरतात. आणि फंडाचा लोगो गेममध्ये कुठे, किती वेळ दिसायला हवा ती अट करारातून शोधून प्रोग्रामरला द्या, नाहीतर अंतिम अहवालाच्या आदल्या रात्री गेमची नवीन बिल्ड काढत बसाल.