स्लेडचा काटकोन गुण्यावर सोडू नका

टेबल सॉसाठी पहिली क्रॉसकट स्लेड, म्हणजे फळी काटकोनात आडवी कापायला टेबलावर सरकणारी पाटी, बनवणारे बहुतेकजण तळाच्या प्लायवर जीव टाकतात. त्याची गरज नाही. 12 मिमीचा सपाट, न वाकलेला प्लाय पुरे. रनर (तळाखालच्या, सॉच्या टेबलातल्या खाचेत सरकणाऱ्या पट्ट्या) जुन्या, सुकलेल्या सागवानाचे घ्या आणि खाचेपेक्षा किंचित कमी उंचीचे ठेवा, नाहीतर स्लेड टेबलावर टेकणारच नाही. पायलट होल (स्क्रूआधीचं बारीक भोक) न पाडता स्क्रू आवळला की रनर तिथे फुगतो आणि स्लेड अडकते. खाचेच्या भिंतींवर पेन्सिल घासून स्लेड फिरवा. रनर जिथे काळा होईल तेवढंच खरवडा. पावसाळ्यात हे पुन्हा करावं लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा मागच्या फेन्सची, म्हणजे लाकूड जिला टेकवून कापतो त्या आपल्या बाजूच्या उभ्या पट्टीची. 18 मिमी प्लायचे दोन थर चिकटवून ती करा आणि खालची कड 3 मिमी तासा. नाहीतर भुसा तिथे साठून लाकूड फेन्सला नीट टेकत नाही. उजव्या टोकाला एकच स्क्रू मारा, गुण्याने (काटकोन तपासायच्या साधनाने) जुळवा, डावं टोक क्लॅम्प करा. गुण्याचं काम इथे संपलं. छोट्या गुण्यावर न दिसणारी चूक रुंद फळीवर उघडी पडते.

आता काटकोन तपासायला पाच काप. साधारण 400 मिमीचा चौकोनी तुकडा पात्याच्या डावीकडे ठेवून उजवी कड कापा. तुकडा घड्याळाच्या दिशेने फिरवून ताजी कापलेली कड फेन्सला टेकवा आणि पुन्हा कापा. असे चार काप झाले की पाचव्यात सुमारे 25 मिमीची पट्टी काढा. या पट्टीत चूक चौपट होऊन येते. व्हर्नियर कॅलिपरने पट्टीच्या दोन्ही टोकांची जाडी मोजा. समजा फेन्सकडचं टोक 25.60 आणि लांबचं 25.20. फरक 0.40, त्याचा चौथा भाग 0.10. ही 400 मिमीमागची चूक. स्क्रूपासून डाव्या टोकापर्यंत 600 मिमी असेल तर तिथे 0.15 मिमीची दुरुस्ती.

दिशेत हमखास गोंधळ होतो, म्हणून लिहूनच ठेवा: पट्टीचं फेन्सकडचं टोक जाड, तर फेन्सचं डावं टोक पुढे, पात्याच्या दिशेने. लांबचं टोक जाड, तर आपल्याकडे. पुढे न्यायचं असेल तर आपल्या बाजूने फेन्सला ठोकळा भिडवून क्लॅम्प करा, मधे 0.15 मिमीचं फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) सरकवा आणि मगच आवळा. स्क्रू नव्या भोकात मारा. जुन्या किंवा त्याला लागून असलेल्या भोकात मारलात तर तो फेन्सला ओढून जुन्याच जागी नेतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. मग पाच काप पुन्हा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं, हात बसतो.

‘नजरेने जुळवतो’ म्हणणाऱ्या मिस्त्रींकडून रंधा जरूर शिका. स्लेडचा काटकोन मात्र मोजूनच लावा.

आणि एक गोष्ट, जिथे मला तडजोड मान्य नाही. समान लांबीचे तुकडे हवेत म्हणून रिप फेन्सला (सॉच्या टेबलावरच्या, पात्याला समांतर फेन्सला) लाकूड टेकवून स्लेड ढकलू नका. कापलेला तुकडा पातं आणि फेन्समध्ये अडकून अंगावर उडतो. स्टॉप ब्लॉक (लांबी ठरवणारा ठोकळा) स्लेडच्याच फेन्सवर लावा. पातं मागच्या फेन्समधून जिथे बाहेर येतं तिथे जाड लाकडाचा ठोकळा चिकटवून लाल रंगवा, कारण ढकलताना अंगठा नेमका तिथेच जातो.